तीनच्या जरा खाली

चांदोरीच्या काठावर पहाटे
निंबा वाडिले जाळं झटकतो तेव्हा
आधी पानवेली पडतात, मग चिलापी,
मग पुन्हा चिलापी,
मग एखादी चप्पल.
कोळशी आली तर तो हाक मारत नाही.
ओंजळीत धरून उभा राहतो,
मी चिखलातून पोचेपर्यंत
कल्ल्यांवर पाणी शिंपडत.

दोन वर्षं झाली. एकतीस.
एवढ्या गोदावरीत एकतीस.

थर्माकोलच्या डब्यात बर्फ,
मांडीवर डबा, निफाडहून येणारी एसटी,
शेजारच्या बाईचं नाकाला पदर लावून सरकणं.
मी म्हणते, मासा आहे.
ती म्हणते, ते कळलं.

खवलं काचपट्टीवर ठेवलं की वलयं दिसतात.
पहिलं ऐसपैस : त्या साली धरणातून पाणी सुटलं होतं.
दुसरं त्याला खेटून.
तिसरं इतकं चिकटलेलं
की मी भिंग पुसलं,
मग चष्मा पुसला,
मग तसंच लिहून टाकलं.

मासा सगळ्या बाजूंनी सारखा भरत गेला
तर वजन लांबीच्या घनानं वाढतं,
घातांक तीन.
माझा येतो दोन पूर्णांक एकाहत्तर.
म्हणजे ती लांब होते, भरत नाही.
वसतिगृहातल्या पोरासारखी :
बाह्या तोकड्या पडलेल्या,
गळ्याचं हाड वर आलेलं,
आणि घरी पत्रात, जेवण चांगलं आहे.

यकृत शेंगदाण्याएवढं.
बर्फावर वाटायचं, घाई न करता घाईनं,
ऊब लागली की विकरं गप्प होतात.
स्नायूंतलं विकर सांगतं, ही धापा टाकत जगली.
मेंदूतलं थंडावलंय. काठच्या द्राक्षबागांत
फवारणीचे ब्लोअर दिवसभर घोंगावतात,
मी ते वाक्य प्रबंधात
‘शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहिलंय.
रक्तात एसजीपीटी.
ते पेशीच्या आत असायला हवं.
घराची भिंत खचली
की भांडी रस्त्यावर दिसतात, तसं.

मे सरता सरता निंबानं
तंबाखूच्या रिकाम्या पुडीतून कागद काढला.
सिव्हिलचा शिक्का, चार घड्या.
‘डॉक्टर नुसतं वाढलंय म्हनले. काय वाढलंय?’
एसजीपीटी, एकशे बारा.
चाळिशीच्या आत हवं.
हा शब्द माझ्या फ्रिजमधल्या खोक्यावर आहे,
निळं झाकण, वरच्या कप्प्यात.

पिता का?
‘थेंब न्हाई. ही तंबाखू तेवढी.’
पाणी कुठलं?
त्यानं नदीकडे बघितलं नाही.
मीही बघितलं नाही.
आम्ही दोघं बराच वेळ
पलीकडच्या मोटारीच्या पाइपाकडे बघत राहिलो.

‘कोळशीचं किती आलं?’
मी आकडा सांगितला.
त्यानं तो ओठांत पुटपुटला,
स्वतःच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला.
‘मंग ती माज्याहून बरी का वाईट?’

तुझ्यासाठी कागदावर रकाना आहे, निंबा,
नॉर्मल किती, ते छापलेलं.
तिचा रकाना कुणी छापला नाही.
ती धडधाकट होती,
तुझा बाप चांदोरीच्या बाजारात
तिला टोपलीनं विकत होता,
तेव्हा सुई घेऊन कोणी आलं नाही.
आता जिच्याशी ताडून बघावं
अशी एक निरोगी कोळशी मला हवीय.

हे मी बोलले नाही.
बोलले, तेलकट कमी खा, परत तपासून घे.

त्यानं जाळ्याच्या कोपऱ्यातून
ओंजळ वर आणली.
बत्तिसावी.
पट्टीवर सोळा सेंटिमीटर.
या मापाला अंडी धरत नाहीत,
पण पोट टंच होतं,
बोटाखाली दाणे लागले.
डबा उघडा होता. बर्फ वितळत होता.
तो माझ्याकडे बघत राहिला, कल्ल्यांवर पाणी शिंपडत.

नोंदवहीत लिहिलंय :
क्रमांक ३२, लांबी १६, मादी.
वजन : घेतलं नाही.
विकरं : घेतली नाहीत.
शेरा या रकान्यात
माझ्या ओल्या अंगठ्याचा ठसा आहे,
त्याची वलयं स्पष्ट आलीत.